चि. मुक्तास, गीझरविषयी

मिरज,
१४ जुलै

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी तुझ्यावर ओरडलो आणि तू फोन ठेवलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. स्वतःच्या पगारावर तू सदाशिव पेठेत खोली घेतलीस, याचे कौतुक करायचे सोडून मी गीझरचे काढून बसलो, हे चुकलेच. परंतु "आंघोळ करताना नळाला हात लावला की मुंग्या येतात, गंमत वाटते" असे तू हसत सांगितलेस आणि त्यापुढचे मला काही ऐकूच आले नाही.

तू पाठवलेले फोटो मी चष्मा लावून पुन्हा पाहिले. खोली छान आहे, खिडकी तर फारच. भिंतीवरून लाकडी पट्टीतली जुनी वायर गेली आहे आणि पाण्याचा पाइप मात्र नवा, प्लॅस्टिकचा आहे. जुन्या घरांत अर्थिंगची, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी, तार पुष्कळदा पाण्याच्या लोखंडी नळालाच गुंडाळलेली असे, कारण तो नळ जमिनीत जात असे. नळ गंजले, मालकांनी प्लॅस्टिकचे पाइप घातले आणि ती तार अधांतरी राहिली. सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणून अर्थिंग आहे असे समजू नकोस. मालक म्हणतात की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारे बटण, नवा बसवला आहे, तेही खरे असेल. पण २००० वॉटचा गीझर रोजच जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, आणि त्याचा शंभरावा हिस्सा माणसाच्या अंगातून गेला तरी जीव जाऊ शकतो, एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे तेवढीशी वीज गळली तरी पुरवठा तोडणारे बटण.

हे पुन्हा व्याख्यान झाले. तू इंजिनिअर आहेस, मी नाही. माझे जे काही ज्ञान आहे ते स्वतःच्या चुकीतून आलेले आहे, आणि ती चूक मी तुला कधी सांगितलेली नाही.

२००५ च्या पुराच्या वर्षी आपल्या माडीच्या भिंतींना ओल धरली होती आणि फ्यूज सारखा उडत होता. नाना कोल्हापुरास अडकलेले, दुकाने बंद, बेबीआत्याची कटकट चाललेली. मी एका वायरीतले तांब्याचे चार पदर पिळून चिनी मातीच्या फ्यूजमध्ये घातले. फ्यूज उडायचा थांबला आणि मला मोठी अक्कल केल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी तू, चार वर्षांची, खाटेवर उभी राहून भिंतीवरच्या पट्टीला तळहात लावून म्हणालीस, "बाबा, भिंतीला ताप आलाय." घरात मासळीसारखा वास येत होता आणि आम्ही तो पुराच्या पाण्याचा समजत होतो. मेन बंद करून पट्टी उचकटली, तर आतले लाकूड कोळसा झालेले. त्या तळव्यावर मी रात्रभर टॉर्च मारून पाहत होतो, एवढेच आठवते. नानांना मी सांगितले की उंदरांनी वायर कुरतडली.

म्हणून ओरडलो. तुझ्यावर नव्हे.

शुक्रवारी कोयना एक्सप्रेसने येतो आहे. टेस्टर आणि होल्डरला लावलेला १०० वॉटचा बल्ब बरोबर आणतो. तो फेज आणि अर्थमध्ये धरला की अर्थिंगचे खरेखोटे बरेचसे तिथेच कळते. मालकांशी मी भांडणार नाही, आईला तसे वचन दिले आहे. आरसीसीबीचे पैसे मी देईन. त्यावरून तू भांडू नकोस. तोपर्यंत पाणी गॅसवर तापव.

तुझा,
बाबा

ता. क. गीझरविषयी आणखी काही लिहायचे नाही असे ठरवले होते. तरी, तो नुसता बटणाने बंद करून ठेवू नकोस. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असते, म्हणजे ते बंद केले तरी गीझरपर्यंत वीज येतच राहते. हात कोरडे करून, पायात चप्पल घालून, प्लगच काढून ठेव.