सात पिढ्यांची पाटी

कुमठेकर रस्ता, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या डोळ्यांची आणि आईच्या गुडघ्याची चौकशी मी रोज फोनवर करतेच. पण आज जे सांगायचे आहे ते बोलताना माझा धीर सुटला असता, म्हणून पत्र लिहीत आहे.

दिवाळीपूर्वी पैठणीच्या दुकानाच्या जाहिरातीचे काम मी एका संस्थेला दिले होते. त्यांनी इन्स्टाग्रामसाठी लिहिलेल्या मजकुराचे पहिलेच वाक्य होते, 'सात पिढ्यांचा विणकरी वारसा', आणि ते खोटे आहे हे ठाऊक असूनही मी ते राहू दिले. इतकेच नव्हे, तर त्याची पाटी करून दुकानातही लावली. आपल्या घरात मागावर बसलेले पहिले माणूस म्हणजे बाबा, तेही दुसऱ्याच्या मागावर, मजुरीने. पुण्याच्या बाजारात उभे राहायचे तर मागे जुने घराणे हवे, असे मी मनाशी धरून बसले होते. व्हिडिओतही मी येवल्याचा हेल लपवून निवेदिकेसारखी बोलत असे.

मग एक दिवस एक निवृत्त शिक्षिका मुलीच्या लग्नासाठी पैठणी पाहायला आल्या. त्यांनी पाटी वाचली आणि सहज विचारले, "आता घरी कोण विणतं?" बाबा, तुमचा माग तीन वर्षांपासून बंद आहे, हे मला पटकन सांगता आले नाही. थोडा वेळ गेला, आणि मग मी सगळेच सांगितले. सात पिढ्या नाहीत, एकच आहे, आणि ती आता दृष्टीमुळे थांबली आहे, असे म्हणताना माझा आवाज कापत होता.

त्यानंतर मी गादीवर दोन साड्या शेजारी ठेवून दोन्हींचे पदर उलटे केले. हातमागाच्या पदरावरचा मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसत होता, कारण तुम्ही म्हणता तसे प्रत्येक रंगाच्या धाग्याची छोटी तिल्ली वेगळी फिरते आणि धागे जागच्या जागी एकमेकांत अडकतात. यंत्रमागाच्या पदराला मागे कापलेल्या धाग्यांची लव होती. दोन्हींची जरतार सोन्याचांदीची नव्हे, तांब्याच्या तारेची आहे, हेही मी सांगितले. त्यांनी केंद्रीय रेशीम मंडळाच्या सिल्क मार्कवर बोट ठेवले, तेव्हा ती खूण फक्त रेशीम शुद्ध असल्याची आहे, साडी हाताने विणल्याची नाही, हे मला स्पष्ट करावे लागले. हे मी आजवर कोणाला आपणहून सांगितले नव्हते, आणि त्याची मला मनापासून लाज वाटते.

त्या दिवशी त्यांनी काहीच घेतले नाही. आठवड्याने त्या बहिणीला घेऊन आल्या, यंत्रमागाची साडी घेतली आणि म्हणाल्या, "काय घेतेय ते कळून घेतेय." इतके समाधान मला हातमागाच्या साड्या विकूनही क्वचितच मिळाले असेल. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहकांच्या हक्कांसाठी ग्राहक पंचायत सुरू केली ती याच शहरात. इथला माणूस प्रश्न विचारतो, आणि त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले तर तो पुन्हा येतो, असा माझा तरी अनुभव आहे.

पाटी मी त्याच संध्याकाळी उतरवली आणि मजकूरही काढला. आता व्हिडिओत मी आपल्या घरी बोलते तशी बोलते. एका गडद जांभळ्या साडीचा रंग किती टिकेल याची मला खात्री नव्हती, तेव्हा मी तसेच सांगितले आणि आतल्या कडेला ओला पांढरा रुमाल दाबून दाखवला. रुमालावर फिकट डाग उमटला. त्या साडीला गिऱ्हाईक मिळाले नाही, पण त्या व्हिडिओखाली लोकांनी जितके प्रश्न विचारले तितके पूर्वी कधीच विचारले नव्हते. मात्र खरेपणा म्हणजे घरातले सगळे चव्हाट्यावर मांडणे, असे मी मानत नाही. आपले कर्ज, भाऊबंदकीचे वाद यांच्याशी गिऱ्हाइकाला काही कर्तव्य नाही. साडी कशी आणि कोणाच्या हातची आहे, याच्याशी आहे.

म्हणूनच एक परवानगी हवी आहे. बाबा परक्या मागावर काम शिकले, हे मला सांगायचे आहे. आणि आई, तू पहाटे उठून विणण्यासाठी कांड्यांवर धागा भरायचीस, पण मजुरीच्या वहीत नाव फक्त बाबांचे असायचे, हेही सांगायचे आहे, तुझे नाव घेऊन. तुम्हा दोघांपैकी एकालाही हे नको वाटले, तर मी त्यातला एक शब्दही बोलणार नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येत आहे. बाबा, माळ्यावरच्या डब्यातल्या तुमच्या जुन्या तिल्ल्या काढून ठेवा. गिऱ्हाइकांच्या हातात द्यायला मला त्या हव्या आहेत.

तुमची,
धाकटी