मोटारवाल्या भाईंना

भाई,

आमच्या तळघरात पाणी भरलं आणि तुम्ही येऊन पंप सुरू केलात, त्या रात्री तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. तुम्ही निघालात तेव्हा आईच्या डोळ्यांना धार लागली होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्हाला मराठी छान येतं, म्हणून मराठीतच लिहितो.

२०२४च्या ऑगस्टात वडोदऱ्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की कारेलीबागेतल्या आमच्या घरात आईचा डोळा लागत नाही. म्हणून तर तळघरात पंप बसवला, दर वर्षी देखभालीचे पैसे भरले. ज्यांना भरले, त्यांनी कितीतरी फोन केल्यावर सांगितलं, "सोमवारी बघू." त्या दिवशी शुक्रवार होता आणि बाबांची पुस्तकांची कपाटं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. दुसरे एक आले, पायरीवरूनच बॅटरी मारली, "नवा पंप लागेल" म्हणाले आणि गेले.

तुम्ही मात्र मेन स्विच पाडलाय हे स्वतः बघितल्याशिवाय पाण्यात पाय ठेवला नाहीत. घाईनं उपसलं तर बाहेरच्या भिजलेल्या मातीचा दाब भिंतीवर येतो, हे मला शांतपणे समजावलंत. आणि पंप तर धडधाकट होता! फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचची, वायर पाइपात अडकलेली. पाणी चढलं तरी फ्लोट वर येईना, मोटार चालू होईना. नवा पंप आमच्या गळ्यात मारता आला असता तुम्हाला. आम्ही निमूट घेतला असता.

पण मला आठवते ती त्यानंतरची पंधरा मिनिटं. रात्रीचे साडेअकरा. भिजून तुमची बोटं पांढरी पडली होती. आई वरच्या पायरीवर उभी. तुम्ही कपडे वाळत घालायची काठी मागितलीत, तिला खाली बोलावलंत आणि काठी तिच्या हातात दिलीत. "बा, तमे ऊंचको." तिनं फ्लोट उचलला, मोटार घुर्र करून सुरू झाली. सोडला, बंद. तीनदा करायला लावलंत. पाणी गेलं तरी तिची भीती खालीच राहणार, हे तुम्ही ओळखलंत. आम्हा पोरांना ते दोन वर्षांत सुचलं नव्हतं. हे कोणी कुणाला शिकवत नाही, भाई. ते मुळातच असावं लागतं.

त्या रात्री आई झोपली. काल आभाळ भरून आलं तेव्हा एकटीच खाली गेली, फ्लोट उचलून बघितला आणि वर येऊन चहा टाकला.

गणपतीत वहिनींना घेऊन घरी या. तुमची पकड इथेच राहिली आहे. पुसून, तेल लावून ठेवली आहे.