सोमवारची थालीपिठं

वुल्वरहॅम्प्टन,
बुधवार रात्र

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

मुद्दाम मराठीत आणि कागदावर लिहितेय. फोनवर काही पाठवलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. हे वाचायला तुला अक्षर लावावं लागेल, तेवढा वेळ तरी एका जागी बसशील.

शुक्रवारी पहाटे मी खाली आले नाही. व्हॅन सुरू झालेली ऐकली, तू दोनदा हॉर्न दिलास तोही ऐकला. जागी होते, पडद्याआड उभी होते. ‘आई रागावलीय’ असं तू मीनलला सांगितलंस ते अर्धंच खरं. आदल्या रात्री मी म्हणाले, स्पीडवेच्या, त्या मोटरसायकल शर्यतींच्या मेलेल्या खेळापायी पक्की नोकरी सोडून चाललास. तू म्हणालास, ‘इथे मेलाय आई, तिकडे पोलंडमध्ये नाही.’ त्यावर मला उत्तर सुचेना आणि उत्तर सुचत नाही तेव्हा मी काय करते ते तुला माहीत आहे. भांडी घासायला घेतली.

एक ठरवून बसलेय. या पत्रात रात्रीच्या गाडी चालवण्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

काल बाबांची ती बिस्किटांची पत्र्याची पेटी काढली. इतकी वर्षं पलंगाखाली होती, झाडू मारताना सरकवायची एवढाच माझा तिच्याशी संबंध. आत सगळे प्रोग्रॅम आहेत, रबर बँड लावून, वर्षवार. प्रत्येक हीटसमोर, म्हणजे शर्यतीसमोर, पेन्सिलीने गुण, तीन, दोन, एक, शून्य. पडलेल्या स्वारापुढे लोक इंग्रजी एफ लिहितात ना, बाबा तिथे ‘प’ लिहायचे. उठून चालत गेला तर त्या ‘प’भोवती गोल. अँब्युलन्स आली तर गोल नाही. मी रात्री अकरापर्यंत फक्त गोल नसलेले ‘प’ शोधत बसले होते. वेड्यासारखं.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात ते मला मॉनमोर ग्रीनच्या मैदानावर घेऊन गेले होते. सांगलीहून आलेली मुलगी, नवा कोट, वर साडी. म्हणाले, या मोटरसायकलींना ब्रेक नसतात. मी विचारलं, मग थांबतात कशा? तर म्हणाले, थांबायचंय कुणाला! चौघं जण, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. असं पंधरा वेळा, आणि मधेमधे ट्रॅक्टर येऊन माती सारखी करणार. मला काही कळलं नाही. वास मात्र ओळखीचा निघाला. त्या इंजिनात एरंडेलाचं तेल घालायचे हे मला नंतर कळलं. त्या रात्री नुसतं वाटत राहिलं की इथे आजी कुठून आली.

आणि ती लाल माती. तुम्ही तिला शेल म्हणता, मी आखाड्याची मातीच म्हणायचे. वळणावर बसायचा तुमचा हट्ट, मग मंगळवारी सकाळी तुझ्या कानातून, बाबांच्या मिशीतून, डब्याच्या झाकणातून तीच निघायची. सोमवारी संध्याकाळी थालीपिठं करायची, हे पंधरा वर्षांत कधी ठरवावं लागलं नाही. तुमच्या बाकावरची ती म्हातारी इंग्रज बाई दोन जादा मागून घ्यायची आणि चॉकलेटबरोबर खायची. गेल्या सोमवारी मी सवयीने भाजणी मळली. मळून झाल्यावर लक्षात आलं.

तुला त्या खेळाचं सगळं पाठ आहे, मला आत्ता कुठे कळायला लागलंय. बाबांची कात्रणं वाचतेय. मला वाटायचं माणसं यायची बंद झाली म्हणून मैदानं गेली. येणाऱ्यांची डोकी पांढरी होत गेली हे तर दिसतच होतं. पण खरी गोम वेगळीच आहे. ही सगळी भाडेकरू मंडळी! क्लब तुमचा, नाव तुमचं, लांडग्याचा झेंडा तुमचा आणि जमीन कुत्र्यांच्या शर्यती लावणाऱ्यांची, नाहीतर घरं बांधणाऱ्यांची. मॉनमोरवर १९२८ मध्ये पहिल्यांदा गाड्या धावल्या, म्हणजे तुझ्या आजोबांचा, आण्णांचाही जन्म व्हायचा होता. अधूनमधून खंड पडला असेल, पण २०२३ ला जे झालं तो खंड नव्हता. भाडेकरार वाढवणार नाही, एवढंच कळवलं. कुत्री अजून धावतायत म्हणे तिथे.

आमच्या पणजोबांना कूळकायद्यात जमीन मिळाली, ठाऊक आहे ना? कसेल त्याची जमीन. इथे नव्वद वर्षं चार फेऱ्या मारणाऱ्याला कुणी कूळ म्हणत नाही.

पीटरबरोचं मैदान आपल्याच वर्षी गेलं. स्विंडनला २०१९ नंतर शर्यत नाही. कॉव्हेंट्रीचं ब्रँडन स्टेडियम तर तू पाहिलंयस, २०१६ नंतर काय अवस्था झाली, किती आगी लागल्या. तिथली माणसं भांडली, रग्बी गावच्या कौन्सिलने २०२२ मध्ये तिथे घरं बांधायला नाही म्हटलं, तरी पडक्या स्टँडमध्ये झाडंच वाढली. बाबांचं लहानपण गेलं ते क्रॅडलीच्या डडली वूडवर. ते १९९५ मध्येच गेलं. आपण मीनलच्या डान्स क्लासला त्या बाजूने जायचो तेव्हा ते घरांच्या रांगेपाशी गाडी हळू करून म्हणायचे, ‘हे तिसरं वळण. इथे गुंडरसन बाहेरून काढायचा.’ तू मागून विचारायचास, कुणाच्या घरात? आम्ही हसायचो. गुंडरसन तीनदा जगज्जेता झाला, हे मी त्या वळणावर इतक्यांदा ऐकलंय की माझी सालंही पाठ झाली. १९८४, ८५, ८८. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्डला तो कसा पडला ते मात्र बाबा गाडीत कधी सांगत नसत. ते मी परवा पेटीत वाचलं.

आण्णांचं सांगते, मग तुला कळेल मी असं का बोलले. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. तू बारा वर्षांचा होतास, फोनवर आण्णांना विचारलंस, मग सर्जा आता काय करणार? ते काही बोललेच नाहीत, फोन मामाकडे दिला. पुढच्या दिवाळीआधी जोडी विकली. छकडा माळवदावर टाकला, गोठ्यात ट्रॅक्टर आला. मग २०२१ च्या डिसेंबरात कोर्टाने परत परवानगी दिली. मामाचा फोन, मागे नुसती हलगी आणि आरडाओरडा, ‘ताई, मैदान भरलंय, गट सुटतायत!’ आण्णा तोवर नव्हते. बैलांच्या हालाचं म्हणणारे अगदीच चुकीचे होते असं मला आजही वाटत नाही. शेपटी पिरगाळलेल्या मी पाहिल्यात, आमच्याच मैदानात. पण बघ, तिथे बंदी आली म्हणून भांडता आलं. मोर्चे निघाले, विधानसभेत कायदा झाला, वकील उभे राहिले. इथे कुणी बंदी घातलीच नाही. मग भांडायचं कुणाशी?

म्हणून मी मेलेला म्हणाले. तू पोलंडचं बोलतोस ते मी आता फोनवर पाहिलं, लेश्नोचं. भर गावात मैदान, आजी-आजोबा, पोरंटोरं, सगळ्यांच्या गळ्यात मफलर. म्हणजे खेळ मेला नाही, इथून घर बदलून गेला. हे मान्य करते. लेखी देते, जपून ठेव.

पण ओंकार, मोटरसायकलवर तू बसणार नाहीस, नुसता मेकॅनिक आहेस, याचा आनंद मानू म्हटलं तर तुझं वेळापत्रक मीनलने मला समजावलं. शुक्रवारी पोलंड, रविवारी पोलंड, मंगळवारी स्वीडन. मधेच डेन्मार्क. स्वार विमानाने जाणार आणि व्हॅन कोण नेणार? तू. रविवारचा सामना संपला की गाड्या धुवायच्या, भरायच्या आणि स्वीडनला जाणारी श्विनौयश्चेची बोट गाठायची, पुढे मालिलापर्यंत परत रस्ता. मी नकाशा काढून पाहिला. पाहायला नको होता.

मी अठ्ठावीस वर्षं वॉर्डात रात्रपाळी केली. पहाटे तीन ते पाच माणसाचं शरीर त्याचं राहत नाही. उभ्याउभ्या मी औषधांच्या ट्रॉलीवर डोकं टेकलंय. कॉफीने फार वेळ भागत नाही, खिडकी उघडून काही होत नाही, गाणी लावून तर मुळीच नाही. झोप आली की गाडी बाजूला घ्यायची. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं, हे तुझ्या हायवे कोडमध्येच आहे, तूच मला पाठ करून दाखवलं होतंस. बोट चुकली तर चुकली. सामना चुकला तर त्या पोराने दुसऱ्याची गाडी मागावी.

झालं. लिहायचं नाही म्हणून बसले होते.

तुला लेक्चर नकोय, कळतंय मला. तेवीस वर्षांच्या माणसाला झोपेबद्दल सांगणारी आई असू नये. माफ कर. तरी आता एवढं लिहिलंच आहे, तर जे कधीच सांगितलं नाही तेही सांगते. बाबांनी शपथ घातली होती, पण शपथ घालणारा गेल्यावर ती कुणाकडे परत करायची?

२०१६ च्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं मँचेस्टरला बेल व्ह्यू क्लबचं नवं स्टेडियम बघायला गेला होतात. बाबा आदल्या रात्री पाळी करून आले होते, दुपारी जेमतेम दोन तास झोपले. मी म्हटलं नका जाऊ, तुम्ही दोघांनी माझ्याकडे असं पाहिलंत की मी डबा भरला. परत येताना एम सिक्सवर त्यांचा डोळा लागला. किती वेळ ते त्यांनाही माहीत नाही. कडेच्या पट्टीवर चाक गेलं, त्याची घरघर झाली, तिने जाग आली. स्टॅफर्डच्या सर्व्हिसेसमध्ये गाडी लावून त्यांनी मला फोन केला. साडेबारा झाले होते. बोलतच नव्हते, नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं तुला काही झालं. तू मागच्या सीटवर मफलर तोंडावर घेऊन झोपला होतास. त्यांनी तुला उठवलं नाही, पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिले. तुला सांगितलं की गाडी गरम झाली होती. तू आल्या आल्या बॉनेट उघडून रेडिएटर तपासलास, आठवतं? चौदा वर्षांचा मेकॅनिक! ‘काही झालेलं नाही बाबा, पाणी भरपूर आहे’ म्हणालास. ते माझ्याकडे बघून आत निघून गेले.

त्या वर्षी आपला क्लब, वुल्व्ज, लीग जिंकला, बेल व्ह्यूलाच हरवून. घरात आठवडाभर उत्सव. मी थालीपिठं केली आणि माझ्या डोक्यात ती घरघर.

ताय वॉफिंडनचं तू मला सांगितलं नाहीस, मला कळलं. आपल्या मॉनमोरवर धावलेला पोरगा, तीनदा जगज्जेता झाला. २०२५ च्या मार्चमध्ये क्रोस्नोला पडला, पाठीचं हाड, हात, काय काय मोडलं, कोमात ठेवावं लागलं. तो पोलंडच ना? तरी मी त्याचा धाक घालणार नाही. तो ट्रॅकवर पडला, तिथे डॉक्टर असतात, भिंतीला हवेच्या गाद्या असतात. मला भीती आहे ती जिथे काही नसतं तिथली.

हे वाचून तुला वाटेल आईला फक्त भीतीच वाटते. तसं नाही. २०२३ च्या त्या शेवटच्या रात्री, बाबांच्या जागी मी आले होते तुझ्याबरोबर. तू पिट्समध्ये होतास, मी कठड्याला टेकून. दोन मिनिटांची सूचना झाली, तुमच्या पोराच्या गाडीची साखळी गेलेली. सगळे ओरडत होते. तू एकटा ओरडत नव्हतास. गुडघ्यावर बसलास, जिभेचं टोक ओठात, अगदी आण्णा सर्जाचा खूर हातात घेऊन बसायचे तसा. गाडी वेळेत गेटवर गेली. तो तिसरा आला की चौथा, मला आठवत नाही. शेजारच्या माणसाला मी सांगितलं, तो माझा मुलगा. दोनदा सांगितलं. घरी आल्यावर तुला का नाही सांगितलं ते मला माहीत नाही.

नंतर सगळे ट्रॅकवर उतरले तेव्हा तू लोणच्याच्या बरणीत लाल माती भरून आणलीस. बरणी अजून देवघराशेजारी आहे. मीनल म्हणते, फेकून दे. ऑक्सफर्ड २००७ ला बंद पडलं होतं ते २०२२ ला परत उघडलं, हेही पेटीतल्या शेवटच्या कात्रणांत आहे, तूच टाकलेलं दिसतंय. म्हणून राहू दे म्हटलं.

घराचं ठीक आहे. बॉयलरवाला येऊन गेला. तुझ्या जुन्या बॉसचा फोन आला होता, मी सांगितलं तो आता परत येणार नाही. माझ्या तोंडून ते वाक्य इतकं सरळ निघालं की मलाच नवल वाटलं.

मंगळवारचे सामने फोनवर हीटवार दिसतात, मीनलने लावून दिलंय. मी बघणार. पंधरावी हीट झाली की गाड्या भरायला दीड तास धरते. त्यानंतर तुझा मेसेज हवा. मोठा नको. थांबलास की ‘थ’ पाठव.

तुझी,
आई

ता.क. थर्मास ओट्यावरच राहिला. चहा भरलेला होता, शुक्रवारी दुपारी मी ओतून टाकला. पोस्टाने पाठवू, की तिकडे घेतोस?