हात बाहेर ठेव

मिरज

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की मी, यावर बाबांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. न्यू जर्सीत एक्स-रेच्या कोर्सला सीट मिळाली हे सांगायला तू एवढ्या हौसेनं फोन केलास आणि मी काय म्हणाले, तर ‘बी.कॉम. करून शेवटी अंधाऱ्या खोलीतच जायचं होतं का?’ चुकलंच माझं. अंधारी खोली तरी आता कुठे राहिली आहे म्हणा! फिल्म गेली, डेव्हलपर-फिक्सरचा वास गेला, तो काही तुझ्या साड्यांना लागणार नाही.

तू पाठवलेली हँडबुकची पीडीएफ चष्मा लावून दोनदा वाचली. भांडणापेक्षा ते बरं. आता एकच गोष्ट सांगते आणि पुन्हा सांगत नाही: पेशंटला धरायला पुढे होऊ नकोस. तुमच्या नियमात सरळ लिहिलं आहे की विद्यार्थ्यानं एक्स्पोजरच्या, म्हणजे किरणं सोडण्याच्या, वेळी डिटेक्टर (किरणं टिपणारी प्लेट) हातात धरायचा नाही आणि पेशंटला स्थिर ठेवायची दुसरी सोय असेल तर पेशंटलाही धरायचं नाही. तरी एखाद्या गर्दीच्या दुपारी कुणीतरी म्हणेल, ‘जरा पकड गं, एका सेकंदाचं काम आहे.’ तू नाही म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. शेजारच्या बाळूला टाके पडताना त्याचा हात धरून उभी राहिलेली नऊ वर्षांची पोर तूच ना? त्याची आई बाहेर रडत होती आणि तू आत.

असो. अभ्यासाचं बोलू.

छातीचा फोटो सोपा वाटतो म्हणून सगळ्यात जास्त तोच बिघडतो. ट्यूब ७२ इंचांवर, म्हणजे सहा फुटांवर ठेवायची, कारण अंतर वाढलं की हृदयाची सावली कमी फुगते. छाती डिटेक्टरला टेकवायची तीही त्याचसाठी. हनुवटी वर. खांदे पुढे ढकलून घ्यायचे, म्हणजे फरे फुप्फुसांवरून बाजूला होतात. हे विसरलीस तर दोन्हीकडे पांढरी कड येते आणि रेडिओलॉजिस्ट वैतागतो. श्वास दोनदा घ्यायला लाव, दुसरा खोल भरला की बटण दाब. मागच्या दहा फासळ्या छाती-पोटामधल्या श्वासपटलाच्या वर मोजता आल्या तर श्वास पुरेसा. पेशंट वळला होता का, हे गळ्याजवळच्या दोन हाडांच्या आतल्या टोकांवरून कळतं. मणक्यापासून दोन्ही सारख्या अंतरावर हवीत. आपल्या बायकांच्या बाबतीत आणखी एक. वेणी वर बांधून घे आणि मंगळसूत्र आधीच मागून घे. जाड वेणीची सावली फुप्फुसाच्या शेंड्यावर अशी पडते की नवख्याला डाग वाटावा. तिकडे हे कोणी शिकवो न शिकवो, न्यू जर्सीत आपल्या बायका कमी नाहीत.

गणिताला घाबरू नकोस. दोनच गोष्टी हाडात मुरव. अंतर दुप्पट केलं की किरणं चौथाई. तीन फुटांवरून सहा फुटांवर गेलीस की चारातला एकच भाग अंगावर. आणि केव्हीपी, म्हणजे किरणांचा जोर, १५ टक्क्यांनी वाढवलं की एमएएस, म्हणजे किरणांचं प्रमाण, दुप्पट केल्यासारखं: ८० चे ९२ केलेस की झालं. डिजिटलमध्ये एक फसवणूक आहे. फिल्म लगेच चुगली करायची, जास्त दिलं की काळी ठिक्कर. आता जास्त दिलं तरी फोटो सुरेखच दिसतो, कमी दिलं तर मात्र दाणेदार होतो. त्यामुळे सगळे हळूहळू जास्तच देत जातात. प्रत्येक फोटोखालचा एक्स्पोजर इंडेक्स, किती किरणं पोचली ते सांगणारा आकडा, बघायची सवय पहिल्या दिवसापासून लाव.

पोर्टेबलला, म्हणजे मशीन पलंगाशी नेऊन फोटो काढताना, ग्रिड (उडालेली किरणं अडवणारी जाळी) तिरकी झाली की अर्धा फोटो फिका येतो. पलंगाची गादी दबते, पेशंटच्या वजनानं प्लेट कलते, आणि दोष मशीनला जातो. बटणाची दोरी सहा फुटांची असते, ती पूर्ण ताणून उभी राहा. जमलं तर किरणांच्या काटकोनात, कारण पेशंटच्या अंगावरून उडणारा मारा तिथे सगळ्यात कमी. ‘एक्स-रे!’ असं मोठ्यानं ओरडायला लाजू नकोस. आवाज तर तुला माझाच आहे.

आता अंगावरची किरणं मोजणाऱ्या बॅजचं. इकडे तो छातीवर शिशाच्या एप्रनच्या आत लावतात, तुमच्याकडे गळ्याशी, एप्रनच्या बाहेर. मर्यादाही वेगळी: आपल्याकडे पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या माऱ्याचं माप) आणि एखाद्या वर्षी फार तर ३०, तुमच्याकडे वर्षाला ५०. आकडे बघून घाबरायचं कारण नाही, भिंतीमागे उभी राहिलीस तर त्याच्या जवळपासही जाणार नाहीस. पण नीट ऐक, गळ्यावरचा बॅज गळ्याचं सांगतो, बोटांचं सांगत नाही. बोटांसाठी अंगठीचा बॅज वेगळा असतो आणि तो प्रत्येकाला मिळत नाही. म्हणजे दर वेळी रिपोर्ट कोरा येईल आणि तू खूश, आणि हात मात्र किरणांत जाऊन आलेला. एप्रनमधलं अर्ध्या मिलिमीटरचं शिसं उडालेल्या किरणांसाठी असतं, थेट झोतासाठी नाही. हातमोज्यांचंही तेच. फ्लुरोस्कोपीत, म्हणजे चालत्या एक्स-रेत, तर मोज्याचा हात झोतात आला की मशीनला वाटतं समोर काहीतरी जाड आहे, आणि ते आपणहून मारा वाढवतं. नानांची बोटं तू पाहिली आहेस. किरणांनी झालेली ती नखं, ती भेगाळलेली कातडी. तू लहानपणी त्यांना व्हॅसलीन लावून द्यायचीस. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तुला सांगणारी मी आहे.

पुन्हा तेच लिहिलं, नाही का? राहू दे, आता खोडत नाही.

मूल रडून हलत असेल तर काय करायचं, ते तरी सांगते, नुसतं नको नको म्हणण्यात काय अर्थ? आधी वाळूच्या पिशव्या, चिकटपट्टी, फोमचे ठोकळे. तान्ह्याला दुपट्यात गुंडाळतो तसं चादरीत घट्ट गुंडाळायचं, हव्या त्या बाजूचा हात-पाय तेवढा बाहेर. लहान मुलांच्या छातीसाठी पिग-ओ-स्टॅट असतं, प्लॅस्टिकच्या दोन खोबणींत मूल उभं बसतं. बघायला क्रूर दिसतं, पण पाच रिपीटपेक्षा बरं. एमए, म्हणजे ट्यूबमधला करंट, वाढवून वेळ कमी कर. हलायला वेळच मिळाला नाही तर फोटो कशानं हलेल? इतकं करूनही धरावंच लागलं तर नातेवाईक धरील, गरोदर नसलेला, मोठा माणूस, एप्रन-मोजे घालून, झोताच्या बाहेर उभा राहून. तू नाही. विद्यार्थिनी तर नाहीच.

हँडबुकातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. ज्या तपासणीची तुझी कॉम्पिटन्सी, म्हणजे ती एकटीला जमते याची परीक्षा, झालेली नाही, तिच्या वेळी लायसन्सवाला टेक्नॉलॉजिस्ट समोर हजर हवा; झाली की हाकेच्या अंतरावर असला तरी चालतो. पण फोटो रिपीट करायचा असेल तर तो शेजारी हवाच, तुझी कॉम्पिटन्सी झालेली असो वा नसो. कोणी घाईत ‘कर गं तूच’ म्हणालं तरी थांब. कॉम्पिटन्सीची यादी लांब आहे: पेशंट-सेवेच्या १०, सक्तीच्या तपासण्या ३६ आणि ३४ मधून निवडायच्या १५. सोप्या आधी उरकून घेऊ नकोस. ट्रॉमाचा खांदा, आडव्या झोताचा मांडीचा सांधा, असे पेशंट रोज येत नाहीत. आला की हात वर कर, मग जेवण राहिलं तरी राहू दे. (हात वर कर म्हणजे मी करते म्हणून. झोतात नव्हे.)

एआरआरटीच्या, म्हणजे टेक्नॉलॉजिस्टना प्रमाणपत्र देणाऱ्या तिकडच्या संस्थेच्या, परीक्षेत २०० प्रश्न मोजतात आणि ३० मोजत नाहीत, पण कुठले ३० ते कळत नाही, तेव्हा सगळेच सोडवायचे. पासाला ७५ लागतात, ते टक्के नव्हेत, त्यांचं मोजमाप वेगळं असतं. तीन वर्षांत तीन संधी. तुला एक पुरेल. गंमत म्हणजे न्यू जर्सीत एक्स-रेचं लायसन्स आरोग्य खातं देत नाही, पर्यावरण खातं देतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, झाडं लावायला लावतील.

एक नाजूक गोष्ट. अर्णवला भावंडाचा विचार असेल तर… मी विचारत नाही. फक्त एवढंच की तिकडे दिवस राहिल्याचं लेखी कळवणं ऐच्छिक असतं. कळवलं की पूर्ण गरोदरपणाची मर्यादा ५ मिलिसिव्हर्टवर येते आणि कमरेशी, एप्रनच्या आत, दुसरा बॅज मिळतो. कळवायचं ते तू ठरव. मला आधी कळवलंस तर बरं, पण तोही नियम नाही.

दोन वर्षं पगार नाही, वर क्लिनिकलला पहाटे निघायचं, अर्णवची शाळा, जावईबापूंच्या शिफ्टा. हे सगळं मी फोनवर बोलले ते तुला कमी लेखायला नव्हे. चौतिसाव्या वर्षी ॲनाटॉमीत ‘ए’ काढलेली मुलगी आमच्या दोन्ही घरांत दुसरी नाही. बाबांनी त्या मार्कशीटचा प्रिंट काढून देवघराशेजारी लावला आहे. तुला सांगू नकोस म्हणाले होते.

स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना आधी दोन्हीकडची चाकं लॉक कर आणि सरकफळी वापर, कमरेनं उचलू नकोस.

मार्कर दोन जोड घे, एक हरवतोच. तुमच्याकडे डाव्या-उजव्याच्या मार्करवर आपापली आद्याक्षरं असतात, म्हणजे फोटो कुणी काढला ते कायमचं त्यावर राहतं. तू सासरची अक्षरं घालणार की माहेरची? बाबा विचारत होते. मीही विचारते आहे. कळव.

तुझी,
आई

ता.क. लॅबमध्ये सराव करताना मैत्रिणी एकमेकींना टेबलावर निजवतात, ते पोझिशनिंगपुरतंच. एक्स्पोजर फँटमवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर. ‘माझ्या हाताचा एक काढून बघू’ असं कोणालाही वाटतं. तुझ्या नव्हे, अर्णवच्या नव्हे, कुणाच्याच हाताचा नको.