साहेब, सह्या घेता तशी नियमांची एक प्रतही द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: विद्यापीठात नव्याने रुजू होणाऱ्यांना सेवानियमांची मराठी पुस्तिका देण्याबाबत.

महोदय,

विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या आस्थापना शाखेत माझी 31 वर्षं गेली. टंकलेखक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता दारव्ह्याजवळ गावी पऱ्हाटी आणि तूर पाहतो. लोक अजून बडेबाबूच म्हणतात. एवढ्या वर्षांत किती जणांना रुजू करून घेतलं याचा हिशेब नाही, पण त्यातल्या एकालाही मी नियम वाचायला दिले नाहीत.

रुजू होण्याचा दिवस आपण पाहिला नसेल, म्हणून सांगतो. पोरगा पहाटेच्या एसटीनं येतो. हातात मूळ कागदपत्रांची थैली. सोबत बहुतेक वेळा बाप असतो, तो बाहेर बाकावर बसून राहतो. कोऱ्या कागदावर रुजू अहवाल लिहायचा, त्यातला 'मध्यान्हपूर्व' हा शब्द आम्ही सांगायचा. मग फॉर्मांचा गठ्ठा: लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज, नामनिर्देशन (म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला द्यायचे ते), सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर बोटांचे ठसे. आम्ही जागा दाखवायची, त्यानं सही करायची. एकानं विचारलं होतं, "सर, लगन नाही झालं माह्यं, कोनाचं नाव टाकू?" मी म्हटलं, "मायचं टाक, मंग बदलवजो." लग्नानंतर नवं नामनिर्देशन भरावं लागतं, हे त्याला पुन्हा कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

दुसरा एक प्रयोगशाळा परिचर होता, नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. पोळ्याला गावी गेला, दुसऱ्या दिवशी करीला थांबला, आणि त्याच संध्याकाळी बापाला बैलानं पाडलं. पायाचं हाड मोडलं. पोरगा आठ दिवस यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात बापाच्या खाटेखाली झोपला. परत आला तेव्हा टेबलावर कारणे दाखवा नोटीस तयार होती. टंकली मीच होती. "बाबूजी, फोन केला होता ना मी," तो म्हणत राहिला. फोन केला होता, पण शेजारच्या विभागातल्या मित्राला. मुख्यालय, म्हणजे नोकरीचं गाव, सोडताना परवानगी लागते, रजा हक्क म्हणून मागता येत नाही, तोंडी निरोप म्हणजे अर्ज नव्हे, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. दोन ओळींचा अर्ज पाठवला असता तर अर्जित रजा लागली असती. पगार कापला गेला आणि परिवीक्षेच्या, म्हणजे प्रोबेशनच्या, फाइलला शेरा चिकटला तो वेगळाच.

नियम नव्हते असं नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 चे आहेत. विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी 1984 ची प्रमाण संहिता आहे, तिला आम्ही 'स्टँडर्ड कोड' म्हणायचो. आमच्याकडची प्रत इंग्रजी होती, खाकी कव्हर घातलेली, लोखंडी कपाटात. किल्ली माझ्याकडे. किल्ली हातात असली की माणसं चहा पाजतात, खोटं कशाला बोलू.

कंत्राटी लोकांना तर कपाटाच्या दारापर्यंतही येता येत नाही. एजन्सीमार्फत आलेली एक मुलगी परीक्षा विभागात डेटा एन्ट्री करायची. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात तिनं काम सोडलं. कोणाला काही विचारलं नाही, फक्त ओळखपत्र परत करायला आली होती. मागच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल तर 26 आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते, हे मला माहीत होतं. पण एजन्सीची फाइल माझ्या टेबलाची नव्हती, म्हणून मी गप्प बसलो. करार संपला तरी हा लाभ संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलं. तोवर ती कुठल्या गावी गेली कोण जाणे.

लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचंही तसंच. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा फलक आमच्या इमारतीत होता, पण कपाटामागे. त्यावर ज्या अध्यक्ष बाईंचं नाव होतं त्यांचा निरोप समारंभ आम्ही केव्हाच केला होता. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची. नव्या मुलीनं ती कोणाकडे न्यावी?

विद्यापीठं स्वायत्त आहेत, हे उत्तर आपल्या कार्यालयातून येईल. ते मला पाठ आहे, मी स्वतः कित्येक पत्रांत टंकलं आहे. पण प्रमाण संहिता शासनाची आहे. आणि माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 सांगतं, की कर्मचारी जे नियम आणि सूचना वापरतात ते मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध करायचे. त्या यादीत 17 बाबी आहेत. संकेतस्थळावर बहुधा त्यांची एक स्कॅन केलेली फाइल असते, तिरपी आणि जुनी. म्हणजे मी नवीन काही मागत नाही. आहे तेच मराठीत आणि हातात द्या.

पुस्तिका जाडजूड नको. कुठली रजा वर्षअखेर बुडते आणि कुठली साठते, गावी अडकलो तर अर्ज कोणाला आणि कसा पाठवायचा, पहिली एसटी चुकली आणि बायोमेट्रिकवर उशीर लागला तर काय होतं, परिवीक्षा कधी संपते, पगारातून कापलेली रक्कम कुठे जाते, तक्रार कोणाकडे न्यायची, एवढं आलं तरी पुष्कळ. कंत्राटी माणसासाठी एक पान जास्त: भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक आणि एजन्सीनं पैसे भरले की नाही ते मोबाइलवर कसं पाहायचं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनाही ती द्या. रुजू अहवालावर सही घेतानाच पुस्तिका मिळाल्याची पोच घ्यावी आणि ती सेवापुस्तकात लावावी, म्हणजे पुढचा बडेबाबू ती कपाटात ठेवणार नाही.

यासाठी आपल्या खात्याचं एक परिपत्रक लागेल. समिती नेमू नका, दोन वर्षं जातील. मसुदा मी कापसाच्या हंगामाआधी लिहून काढला आहे. अक्षर बरं आहे.

आपला,
एक निवृत्त अधीक्षक (आस्थापना)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सोबत: हस्तलिखित मसुदा, 14 पाने.