टॉवरची वाट बीएस्सीच्या प्रवेश अर्जातच चुकते

मा. संपादक,

बारावीचा निकाल लागला की लातूर, नांदेड, संभाजीनगरात नीट आणि सीईटीशिवाय दुसरा विषय नसतो. ते हुकले तर ‘बघू, बीएस्सी करून स्पर्धा परीक्षा देऊ’ हे ठरलेले. या ‘बघू’च्या भरात हवाई वाहतूक नियंत्रकाची (एटीसी; टॉवरमधून वैमानिकांना रेडिओवर सूचना देणाऱ्याची) नोकरी कायमची हातची जाते आणि ते कळते तीन वर्षांनी, जाहिरात हातात पडल्यावर. म्हणून प्रवेशाच्या दिवसांतच हे पत्र.

नागरी विमानतळांवरची ही भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण ‘ज्युनियर एक्झिक्युटिव्ह’ या पदासाठी करते. २०२३ मध्ये ४९६ जागा निघाल्या, २०२५ मध्ये ३०९. वेतनश्रेणी ४० हजार ते १ लाख ४० हजार, भत्ते वेगळे. वयाची कमाल अट २७, ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सवलत. पदवी हवी पूर्णवेळ, नियमित. दूरशिक्षणाची चालत नाही. इंजिनिअरिंगची कुठलीही शाखा चालते, पण बीएस्सी असेल तर भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असलेच पाहिजेत.

मुले अडकतात ती इथेच. आपल्याकडे नीट हुकलेला विद्यार्थी सवयीने सीबीझेड (रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र) घेतो. दुसरा कॉम्प्युटर सायन्सला जातो. तिथे गणित असते, पण भौतिकशास्त्र असेलच असे नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या मेजर-मायनरने (मुख्य आणि दुय्यम विषयाने) घोळ आणखी वाढवला आहे. मेजर भौतिकशास्त्र आणि मायनर भलतेच काही, अशी जोडी कॉलेजच्या खिडकीवर दोन मिनिटांत ठरते. एक मेजर आणि दुसरा मायनर ठेवून हे दोन्ही विषय गुणपत्रकावर दिसतील, एवढी काळजी प्रवेश घेतानाच घ्यावी. पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेल्यांनीही आपली गुणपत्रके काढून बघावीत. पदवीच्या एखाद्या तरी सत्रात भौतिकशास्त्र आणि गणित असावे अशी अट असते, आणि भौतिकशास्त्र असते पहिल्या वर्षाला, जे या मुलांनी केलेलेच नसते.

दुसरा खड्डा कागदपत्रांचा. ही केंद्राची भरती आहे. राज्याच्या नमुन्यातले नॉन-क्रिमीलेअर इथे कामाचे नाही, केंद्राच्या नमुन्यातले वेगळे काढावे लागते आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही तपासावे लागते. एसईबीसीचे आरक्षण केंद्रात नाही. ज्यांना केंद्राचे ईडब्ल्यूएस मिळू शकते त्यांनी ते काढावे, मात्र ईडब्ल्यूएसला वयाची सवलत नसते. विद्यापीठ श्रेणी देत असेल तर सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर कसे करायचे याचे विद्यापीठाचे पत्र आधीच आणून ठेवावे. सेतू केंद्र आणि विद्यापीठाची खिडकी यांचा वेग सगळ्यांना ठाऊक आहे.

परीक्षा संगणकावर : १२० प्रश्न, १२० मिनिटे. निम्मे प्रश्न इंग्रजी, बुद्धिमत्ता, अंकगणित आणि सामान्य ज्ञानाचे. निम्मे भौतिकशास्त्र व गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. पोलिस भरती किंवा एमपीएससीच्या क्लासवर पहिला भाग भागतो. दुसऱ्यासाठी बारावी आणि पदवीची पहिली दोन वर्षे पुन्हा उघडावीच लागतात.

पुढचे टप्पे मात्र पाठांतराने पार होत नाहीत. आवाजाची चाचणी असते; बोलणे स्पष्ट आहे का, अडखळते का, हे पाहतात. पुण्या-मुंबईच्या उच्चारांचा धसका घेण्याचे कारण नाही. रेडिओवर ‘थ्री’ला ‘ट्री’, ‘फाइव्ह’ला ‘फाईफ’ आणि ‘नाईन’ला ‘नाइनर’ म्हणणे हाच आंतरराष्ट्रीय नियम आहे, कारण खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाईन’ एकसारखे ऐकू येतात. मुले अडतात ती वेगात. रोज दहा मिनिटे इंग्रजी बातमी मोठ्याने, एका लयीत वाचून मोबाइलवर ऐकावी. शब्दांचे शेवट गिळले जातात ते स्वतःलाच कळते. मानसशास्त्रीय आणि अमली पदार्थांची चाचणीही होते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, तेव्हा औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी.

वैद्यकीय तपासणीत चष्मा चालतो, रंगांधळेपणा नडतो. रंगीत ठिपक्यांतून आकडा ओळखण्याची इशिहारा चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होते. ती बीएस्सीला प्रवेश घेण्याआधीच करावी. लाल-हिरव्यात गोंधळ आहे हे तीन वर्षांनी कळून काय उपयोग?

निवड झाल्यावर प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाच्या संस्थेत प्रशिक्षण. त्यासाठी काही लाखांचा बॉण्ड लिहून द्यावा लागतो. तिथून ज्या विमानतळावर नेमणूक होते तिथे पुन्हा अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली शिकावे लागते आणि मिळालेले रेटिंग, म्हणजे कामाची परवानगी, त्याच ठिकाणापुरते असते. बदली झाली की नवी हद्द, नवे मार्ग, पुन्हा परीक्षा. रात्रपाळ्या आहेत, दिवाळीची सुट्टी हक्काची नाही. सरकारी नोकरी म्हणजे दहा ते पाच अशी समजूत असलेल्याने या वाटेला जाऊच नये.

कामाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. ४८० नॉट, म्हणजे ताशी ४८० सागरी मैल वेगाचे विमान मिनिटाला आठ सागरी मैल जाते. अशी दोन विमाने समोरासमोर असतील तर त्यांच्यातले अंतर मिनिटाला सोळा मैलांनी घटते. रडारवर दोघांत साधारण पाच मैल राखायचे असतात; ते पाच मैल १९ सेकंदांत संपतात. म्हणून एकतर आडवे अंतर, नाहीतर उंचीत किमान एक हजार फूट. चिकलठाण्याची, म्हणजे संभाजीनगर विमानतळाची, धावपट्टी पूर्व-पश्चिम (९० आणि २७० अंश, म्हणून क्रमांक ०९-२७). वारा तिच्याशी ३० अंशांचा कोन करून २० नॉटने वाहत असेल तर आडवा वारा १० नॉट. अकरावीतला साइन ३० तो हाच. कॉलेजात तो कशासाठी शिकवतात हे कुणी सांगत नाही, एवढेच.

चुका बहुतेक ऐकण्यात होतात. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती नीट ऐकायची, असा नियम आहे. दहा हजार फूट सांगितले आणि पलीकडून अकरा हजार आले, तर कान तयार नसलेला माणूस आपल्याला हवे तेच ऐकतो. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमाने आदळून ३४९ माणसे गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, ते त्याखाली उतरले. सूचना बरोबर होती; वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते. तेव्हा उमेदवाराच्या इंग्रजीवर एवढा भर देतात तो साहेबी थाट नव्हे. आणि विमानतळाची सुरक्षा भिंतीशी संपत नाही, हे संभाजीनगरला सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून उडालेले विमान बीड रस्त्यावर कापसाच्या ट्रकला धडकले, ५५ जणांचा जीव गेला. वैमानिकांनी विमान उशिरा उचलले, हे चौकशीत निघालेच. पण उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहने न रोखल्याचा ठपका तेव्हाच्या विमानतळ प्राधिकरणावरही आला.

आता जाहिरातींबद्दल. ‘एव्हिएशन डिप्लोमा करा, एटीसी व्हा’ असे सांगून लाख-दीड लाख घेणारे वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले आहेत. असा डिप्लोमा फार तर तिकीट काउंटरपर्यंत नेईल, टॉवरच्या जिन्यापर्यंत नाही. प्राधिकरण निवड झालेल्यांना स्वतःच शिकवते, तेही पगार देऊन. दुसरा रस्ता हवाई दल आणि नौदलाचा. पुण्याच्या लोहगावात नागरी विमानांचे नियंत्रणही हवाई दलच करते, पण तिथे अधिकारी म्हणून लष्करी निवड पार करावी लागते.

मराठवाड्यातल्या दोन्ही विद्यापीठांकडे मागणी साधी आहे. विषय निवडीच्या पानावर ‘भौतिकशास्त्र व गणित एकत्र घेतल्यास पुढे कोणत्या भरत्या खुल्या राहतात’ ही एक ओळ संलग्न महाविद्यालयांना छापायला लावावी. आणि प्रवेश समितीवर बसणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्या विभागाच्या रिकाम्या जागा भरण्याआधी समोरच्या मुलाला ती वाचून दाखवावी.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर