आई, ती गुलबक्षी साडी पाठव

पुणे,
रविवार

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

ग्रुपवरच्या माझ्या पोपटी जॅकेटातल्या फोटोखाली बाबांनी "हे काय?" एवढंच लिहिलं. आईने हसरा चेहरा टाकला आणि लगेच काढूनही घेतला. म्हणजे भाच्याच्या मुंजीत मी काय घालणार हा प्रश्न घरात अजून निकालात निघालेला नाही. फोनवर हे बोलणं जमत नाही. तुम्ही स्पीकर लावता, मधे कुकर बोलतो, आणि मुद्दा आला की बाबांना एकाएकी माझ्या पीएफची आठवण होते. म्हणून लिहायला बसलो.

आधी बाबांचं म्हणणं मांडतो, म्हणजे नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" नको. "लताबाई जन्मभर पांढऱ्या साडीत गायल्या. गाणं गळ्यात असतं, अंगरख्यात नाही. आणि तू तर गातही नाहीस." यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. तबल्याच्या दोन परीक्षा आणि मग माळा, एवढीच माझी कारकीर्द. मी ऐकणारा माणूस. पण बाबा, ऐकणाऱ्यालाही काही म्हणायचं असतं. तुम्ही मैफलीत समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, मांडीवर थाप मारता, मान हलवता, कधी "क्या बात" निसटतं. माझी दाद थोडी उशिरा येते आणि अंगावर येते, एवढाच फरक.

आता लताबाई. इंदूरच्या शीख मोहल्ल्यातल्या ज्या घरात १९२९ साली त्या जन्मल्या तिथे आज कपड्यांचं दुकान आहे, हे तुम्हीच मला दाखवलं होतं, आणि तुमच्यासारख्या क्लॉथ मार्केटातल्या माणसाला त्याचा केवढा अभिमान वाटत होता! त्यांचं पांढरं मला कधीच साधं वाटलं नाही. सिनेमाच्या इतक्या झगमगाटात राहून एका बाईने पांढरं निवडलं आणि ते कुणासाठी बदललं नाही. काठ मात्र दर वेळी वेगळा, आणि हिऱ्यांची हौस तर सगळ्यांना माहीत. लांबून साडीचा काठ दिसला की नाव कळायचं. याला साधेपणा म्हणा, मी ठाम पोशाख म्हणतो. मी त्यांचं ऐकून पांढरं घातलं तर ती नक्कल होईल. त्यांनी जे केलं ते मी करतोय: स्वतःचं निवडतोय.

आणि त्यांच्या वडिलांचं काय? मास्टर दीनानाथ बलवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीत शालू नेसून, दागिने घालून स्त्रीभूमिका करायचे आणि लोक नाट्यगीतांसाठी रात्र जागवायचे. त्यांनी रंगवलेल्या लतिकेवरूनच त्यांच्या मुलीची, हेमाची, लता झाली ना? बालगंधर्वांचं तर विचारूच नका. ते रंगमंचावर जशी साडी नेसत, जसा शेला घेत, तशी घराघरांतल्या बायका घ्यायला लागल्या होत्या. आपल्या मराठी गाण्याच्या मागे एवढं जर-रेशीम उभं आहे. त्यापुढे माझं एक जॅकेट म्हणजे काहीच नाही.

फोटोतल्या त्या जॅकेटाबद्दल तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत, म्हणून न विचारता सांगतो. ते गायक अमीर खाँसाहेबांच्या मारव्याचं, मारवा रागाचं आहे. हसू नका. लहानपणी आपल्याकडे संध्याकाळी टेपवर तो मारवा लागायचा आणि दिवा लागेपर्यंत कुणी मोठ्याने बोलायचं नाही. पुण्यात परवापरवापर्यंत मी तो हेडफोन लावून बसमध्ये ऐकायचो. मग नारदीय शिक्षा या जुन्या ग्रंथातला एक श्लोक हाती लागला. त्यात सात स्वरांना सात रंग दिले आहेत. षड्ज कमळाच्या पानासारखा, ऋषभ पोपटाच्या पिवळट हिरव्या रंगाचा, गंधार सोन्यासारखा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा. आणि निषाद? सगळ्या रंगांचा. हे वाचून मी हातातला चहा तसाच ठेवला.

मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणजे तो स्वर लागतच नाही. म्हणून जॅकेटात काळा धागासुद्धा नाही, शिलाईलाही नाही. जोर कोमल ऋषभावर आणि धैवतावर, म्हणून अंग पोपटी आणि पुढच्या दोन्ही पट्ट्या हळदीच्या पिवळ्या. षड्जावर मारवा फार टेकत नाही, सारखा त्याला टाळत फिरतो, म्हणून तो गडद हिरवा फक्त बटणांना. गंधाराची सोनेरी पायपिंग. निषादाला सगळे रंग हवेत, तर अस्तर चिंध्यांचं केलं: रविवार पेठेतल्या दुकानांतून कटपीस गोळा करून. ते फोटोत दिसत नाही. ते मला दिसतं.

बाह्यांवरच्या पट्ट्या तुम्हाला सर्कशीतल्या वाटल्या असतील. मोजा. चौदा आहेत. खाँसाहेबांचा लाडका झुमरा ताल आहे तो, चौदा मात्रांचा, तीन-चार-तीन-चार. सम मनगटावर, ती पट्टी जरा रुंद. तिथून वर मोजत गेलं की आठवी मात्रा कोपराच्या आसपास येते. ती तालातली खाली, म्हणजे रिकामी मात्रा, म्हणून तिथे रंग नाही, नुसतं पांढरं मांजरपाट. मध्यमाचा पांढरा तिथे खर्ची पडला. शिंपी मास्तरांना ती पट्टी विसरल्यासारखी वाटत होती. "साहेब, इथे राहून गेलंय" म्हणून ते रंगीत पट्टी लावायला निघाले होते. मी टेबलावर ठेका धरून दाखवला. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, पण "म्हणजे इथे टाळी नाही द्यायची" एवढं त्यांनी बरोबर पकडलं आणि पुढची बाही न विचारता केली.

बाबा विचारतील, मारवा सूर्यास्ताचा, मग संध्याकाळ पोपटी कुठे असते? रास्त आहे. माझ्याकडे उत्तर नाही. आकाशाचा रंग घेतला असता तर तो सगळ्यांचाच झाला असता, एवढंच म्हणेन.

आता खरी गोष्ट. रंग मला गाण्याने दिले नाहीत, बाबा, तुमच्या पेढीने दिले. शाळा सुटल्यावर क्लॉथ मार्केटात गादीवर बसून मी जुनी शेड कार्डं उलटायचो, छोट्या छोट्या कापडाच्या चौकोनांखाली नंबर. अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, कासनी, धानी, राणी, तपकिरी ही नावं मला पाढ्यांआधी येत होती. तुम्ही गिऱ्हाइकाला ट्यूबलाइटखाली रंग कधी पसंत करू दिला नाही. थान खांद्यावर टाकून दुकानाबाहेर उन्हात न्यायचात. ट्यूबच्या उजेडात लाल भाग कमी असतो, त्यामुळे मरून मळकट दिसतो, हे विज्ञान मला पुढे पुस्तकात भेटलं. तुम्हाला ते बोटांतून माहीत होतं. आणि दिवसभर हे सगळे रंग विकून तुम्ही स्वतः बिस्किटी शर्टात घरी यायचात. बिस्किटी नाहीतर राखाडी.

का, ते आता समजतं. कापडाची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, बाजारात उधाऱ्या अडकल्या, आणि बिस्किटी शर्ट दोन दिवस चालतो. मळ दिसत नाही. त्यात तुमच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. माझ्या पगाराला तसा धाक नाही, हे तुमच्यामुळे. तेव्हा मी पोपटी घालतो ते तुमच्या बिस्किटीला वाकुल्या दाखवायला नाही.

कॉलेजात मी काळे टी-शर्ट घालायचो, त्यावर कवट्या. "मयताला निघालास का?" असं बाबा विचारायचे. बंड म्हणून घालत होतो आणि वर्गातली निम्मी मुलं तेच घालत होती! एकसारखं बंड. आताही लग्नांत बघतो, सगळे पुरुष त्याच मोरपिशी जॅकेटात, त्याच सोनेरी बटणांत. रंग आहे, माणूस नाही. बीटल्सची चार पोरं १९६३ साली एकसारख्या सूटमध्ये ओळीने उभी राहायची. १९६७ च्या त्यांच्या प्रसिद्ध अल्बमच्या मुखपृष्ठावर तीच चौघं साटनच्या बँडवाल्या पोशाखांत आहेत आणि चौघांचे चार वेगळे रंग. बँड तोच, पण आता कोण कुठला ते दिसतं.

अंगावर रंग म्हणजे काहीही चढवणं, ही बाबांची दुसरी तक्रार. त्यावर काँगोचं उदाहरण देतो. किन्शासाचा गायक पापा वेम्बा आणि त्याच्या नादाने नटणारे सापर लोक. गरीब वस्त्यांतले, पण गुलाबी सूट, हातात काठी, चालण्यात ताल. त्यांचा एक नियम आहे: एका वेळी अंगावर तीनपेक्षा जास्त रंग नकोत. ऐकताच मला तुम्ही आठवलात. "चौथा रंग आला की कापड भांडायला लागतं" हे तुमचंच वाक्य. वेम्बा २०१६ साली आबिजानमध्ये गाता गाता स्टेजवरच कोसळला आणि गेला. माझं मारव्याचं जॅकेट त्यांच्या नियमात बसत नाही. पुढचं बसवतो.

आईला एवढं लांब न्यायची गरज नाही. उषा उथुप टीव्हीवर आली की हातातलं काम टाकून बसणारी तूच. १९६९ साली चेन्नईच्या नाइटक्लबात ती साडी नेसून गायला उभी राहिली. तिथे साडी नेसणं हेच धाडस होतं. आजही कांजीवरम, कपाळावर मोठं कुंकू, आणि पायांत कांजीवरमचंच कापड लावलेले बूट. "ही बाई कुणासारखी नाही" असं तू म्हणायचीस, आणि ते कौतुक असायचं.

इंदूरला रंगांचं वावडं आहे असंही नाही. रंगपंचमीला टोरी कॉर्नरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरवरून रंगाचे फवारे राजवाड्याजवळच्या वरच्या मजल्यांपर्यंत जातात, ढोल, डीजे सगळं एकदम, आणि त्या गर्दीत आमचे बिस्किटीवाले बाबा गुलालाने माखून "हटो भिया, हटो" करत पुढे. आई, त्यांना अंगणातच उभं करून पाणी ओतायचीस ना? त्या दिवशी कुणी कुणाला "हे काय?" विचारत नाही. उरलेले ३६४ दिवस मी माझ्या खर्चाने भरून काढतोय.

असो. आता कामाचं.

मुहूर्ताला मी धोतर-उपरण्यातच असेन, मामा म्हणून जे करायचं ते त्याच वेषात. काळजी नको. नवं जॅकेट हवंय ते संध्याकाळच्या भिक्षावळीला. पुढे बँड वाजणार, भाचा सजून निघणार, आणि मामाने राखाडी सफारीत मागून चालायचं? ते होणार नाही.

त्यासाठी आई, तुझी ती गुलबक्षी माहेश्वरी पाठव. धानी काठाची, घडीवर विरलेली, जी तू "आता नेसवत नाही आणि देववत नाही" म्हणून ट्रंकेत ठेवली आहेस. लग्नातली नाही. तिला मी हातही लावणार नाही. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो, म्हणून अस्तर न लावता जॅकेट करता येईल आणि दोन्ही बाजूंनी घालता येईल, असं मास्तर म्हणतात. विरलेल्या घड्या कापण्यात जातील. पदराच्या तीन रंगीत आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांना मात्र कात्री लावू देणार नाही, त्या अख्ख्या पाठीवर घ्यायच्या. कापायला तुझी ना असेल तर स्पष्ट सांग. मी राग मानणार नाही, दुसरी माहेश्वरी घेऊन करीन. पण मला नवी नकोय.

बाबा, तुमच्यासाठी एकच काम. साडी देण्याआधी ती उन्हात धरून बघा आणि धानी काठाला बटणं कसली लावायची ते सांगा. मास्तर चांदीच्या रंगाची म्हणतात, तुमची सून लाकडी म्हणते. मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही जे सांगाल ते लावीन, बिस्किटी सोडून.

आत्याचा मुलगा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर साडी द्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्यांचा वास जायला आई, तू ती आधी दोन दिवस सावलीत पसरून ठेव. आणि त्याच्याकडे शेवही द्या, लवंगवाली. इथली कुणालाच आवडत नाही.

तुमचा,
बाळ

ता. क. बाबांच्या छातीचं माप इंचांत कळव. मास्तरांनी विचारलंय, बाकी काही नाही.